टेप बरोबर होता, दाजी

दाजी, परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी माइकवर चार मिनिटं बोललो आणि चारही मिनिटं खोटं बोललो.

तुमच्याबद्दल काही वावगं बोललो असं नाही. दाजींनी मला पेन्सिल धरायला शिकवलं, नोकरीचा अर्ज त्यांनीच भरून दिला, माझ्या ताईला त्यांनी सुखात ठेवलं, हे सगळं खरंच आहे. सूत्रसंचालक प्रत्येकाला बजावत होता, "दोन मिनिटांत आटपा, अजून अठरा नावं आहेत." मला त्याने चार दिली, कारण मी सख्खा मेव्हणा. चार मिनिटांत जे सांगायला हवं होतं ते एका वाक्याचं होतं. ते सोडून मी बाकी सगळं बोललो आणि लोकांनी डोळे पुसले. त्याआधी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप खाली गेला. शेजारी बसलेल्या तुमच्या पिंटूने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, मामाला भरून आलं.

मला चीड आली होती, दाजी. माझी तर आलीच, पण तुमचीही. मेलेल्या माणसाची चीड येणं बरं नाही, पण येते. अठ्ठावीस वर्षांत तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं, "मिल्या, खोटं बोलतोयस." एवढं म्हणाला असतात तर मी सुटलो असतो. तुम्ही मात्र त्या टेपाला धरून बसलात.

तो टेप आता माझ्या टेबलावर आहे. तीस मीटरचा, विणलेल्या कापडाचा, कातडी डबीतला. पितळी मूठ फिरवून गुंडाळायचा. ऑफिसने तो कधीच बाद केला होता आणि तुम्ही घरी आणला होता. कार्यक्रम संपल्यावर ताईने कपाटातून काढून माझ्या हातात दिला.

"घे. तुला द्यायचा म्हणून ठेवला होता त्यांनी. गुजरातहून आल्यावर दोन दिवसांनी डबीवर नाव लिहीत बसले होते."

डबीच्या झाकणावर पांढरी पट्टी चिकटवलेली. त्यावर तुमचं ते अक्षर, नकाशाच्या कोपऱ्यात असायचं तसं, प्रत्येक अक्षर एका उंचीचं: मिलिंद. बाकी काही नाही. मी पट्टीखाली काही आहे का तेही बघितलं.

"मग? लागला का शेवटी त्या टेपाचा निकाल?" ताईने सहज विचारलं. पाहुण्यांची ताटं उचलता उचलता. मी म्हणालो, "बघू." अठ्ठावीस वर्षांनी मी अजून 'बघू' म्हणतो.

जे कुणी हे वाचेल त्याला टेपाचं प्रकरण सांगायला पाहिजे. तुम्हाला ते पाठ आहे, पण अर्धंच.

आपण दोघं नकाशे काढणाऱ्या ऑफिसात. तुम्ही वरिष्ठ आरेखक, मी नुकताच चिकटलेला, अजून कायम न झालेला. इंदिरानगरच्या पलीकडे एका नव्या वसाहतीचा नकाशा आपल्याकडे आला. प्लॉट, रस्ते आणि शेवटी नाल्यालगत पोरांसाठी खेळायला मैदान. जुन्या नकाशावर कोपऱ्यातल्या दगडी खांबापासून नाल्यापर्यंत शेहेचाळीस मीटर होते. तुम्ही म्हणालात, नाला दरवर्षी सरकतो, जाऊन मोजून ये. मे महिना होता. मी टेप घेतला, टेपाचं दुसरं टोक धरणाऱ्या ऑफिसच्या खलाशाला सांगितलं की तुझी गरज नाही, आणि माझ्या नव्या स्कूटरची क्लचची केबल बदलायला नाशकातल्याच द्वारका चौकात गेलो. तिथल्या रसवंतीवर मित्र भेटले. बर्फ घातलेला रस तीन ग्लास प्यायलो. चार वाजता रसवंतीच्या बाकावर बसून फील्ड बुकात आकडा लिहिला: ४६.२०.

वरचे वीस सेंटिमीटर माझे. नुसतं शेहेचाळीस लिहिलं तर जुन्या नकाशावरून उतरवलं असं वाटेल म्हणून घातले.

संध्याकाळी तुम्ही वही पाहिलीत आणि खूश झालात. "हे बघा," शेजारच्या टेबलावरच्या दोघांना दाखवून म्हणालात, "वीस सेंटिमीटर लिवलेत पोरानं. जागेवर न जाणारा माणूस गोल आकडा लिहितो. याला म्हणतात मोजणी." आणि 'तपासले' या रकान्यात सही केलीत.

वसाहत बसली. प्लॉट रस्त्याच्या बाजूने पाडत गेले आणि जेवढं कमी पडलं ते सगळं शेवटी असलेल्या मैदानातून गेलं. साडेचार मीटर कमी होतं. मैदानाचा बोळ झाला. लोकांनी तक्रार केली, चौकशी लागली. तुम्ही मला बाजूला घेतलंत. आपण जिन्याखाली उभे होतो, सायकली लावायच्या तिथे.

"मिल्या, गेला होतास ना?"

"गेलो होतो दाजी. टेप तेवढंच दाखवत होता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मान हलवलीत. चौकशीत सांगितलंत, पोराचा दोष नाही, टेपात दोष असावा, तपासायची जबाबदारी माझी होती. मी कायम झालो. तुमची बढती थांबली आणि सुरगाण्याच्या डोंगरात दोन वर्षांसाठी बदली झाली. ताई दोन लहान मुलं घेऊन इथे एकटी राहिली. पिंटूला टायफॉइड झाला तेव्हा मी दवाखान्यात डबा नेत होतो. शेजारच्या बायका म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो.

इथपर्यंतचं एक वेळ मी पचवलंही असतं. लोक याहून मोठी पापं पचवतात. पण तुम्ही तो टेप घरी आणलात! तुम्हाला शिक्षेपेक्षा त्या कोड्याचा त्रास जास्त होता. कापडी टेप ताणला तर लांब होतो, भिजून वाळला तर आखडतो, पण साडेचार मीटर? तुम्ही तो उन्हात ठेवून मोजलात, ओला करून मोजलात. आपल्या गल्लीची लांबी, शाळेच्या मैदानाची, चांदवडला तुमच्या गावच्या चावडीची, पिंटूच्या लग्नात मांडवाचीसुद्धा. दर वेळी टेप बरोबर यायचा आणि दर वेळी तुम्ही रविवारच्या चहाला मला सांगायचात, "परत बरोबर आला लेका. मग त्या दिवशीच का चुकला असंल?" ताई आतून ओरडायची, "घातलं का पुन्हा ते दळण!" आणि मी बिस्किट बुडवत बसायचो.

म्हणून तर गांधीनगरला जायचं ठरलं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ते कारणही खरं होतं. आरेखकाच्या वर्गात असताना मास्तरांनी त्या राजधानीचा नकाशा भिंतीवर लावून ट्रेस करायला दिला होता. एका दिशेचे रस्ते क, ख, ग, घ असे अक्षरांचे, दुसऱ्या दिशेचे आकड्यांचे, मध्ये सेक्टर. "सगळी नोकरी नाशकातल्या वाकड्या गल्ल्या काढण्यात गेली," तुम्ही म्हणायचात. "एकदा सरळ गाव बघायचं हाय. आधी कागदावर आलेलं आणि मग जमिनीवर गेलेलं." दुसरं कारण मला एकट्यालाच फोनवर सांगितलंत. "तिथं अंतर ठरलेलं हाय मिल्या. कागद आन् जमीन सारखी. तिथं टेप लावला का एकदाचा फैसला."

मी लगेच हो म्हणालो. माझंही ठरलं होतं. शनिवार-रविवार, जाऊन-येऊन हजार किलोमीटर. एवढ्या लांब रस्त्यात कुठेतरी सांगून टाकायचं.

दाजी, हजार किलोमीटर! माणूस त्यात काहीही सांगू शकतो. मला एक वाक्य सांगता आलं नाही.

पहाटे निघालो. ताई मागच्या सीटवर, गुडघ्याला पट्टा, मांडीवर भाकरी आणि ठेच्याचा डबा. तुम्ही माझ्या शेजारी, मांडीवर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या ट्रेसिंगची गुंडाळी आणि पायाशी टेप. सापुताऱ्याच्या घाटात ताईचा डोळा लागला. मी मनात म्हटलं, आता.

"दाजी, एक बोलायचं होतं."

"बोल की. पण वळणावर नको. हा घाट कुणी आखला असंल रे? बाहेरची कड उचलायला पाहिजे, यानं आतली उचललीया. गाडी बाहेर फेकली जाती का नाय बघ."

वीस मिनिटं घाटाची आखणी. घाट उतरलो, मी पुन्हा सुरुवात केली, "ते त्या वसाहतीचं..." आणि मागून ताई जागी होऊन म्हणाली, "चहा कुठं प्यायचा?" सुरतेच्या पुढे हायवेवर ट्रकांच्या रांगा लागल्या, तेव्हा तर तुम्हीच झोपलात. तोंड उघडं, गुंडाळी छातीशी. तुमच्या त्या घोरण्याचा मला इतका राग आला की मी उगाच हॉर्न वाजवला. तुम्ही दचकून उठलात आणि म्हणालात, "आलं का?" मी म्हणालो, "अजून दोनशे." तुम्ही परत झोपलात.

चारच्या सुमाराला पोहोचलो. आणि त्या शहराने माझं डोकंच फिरवलं. कुठेही बघा, तोच रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना तीच कडुनिंबाची झाडं, तोच गोल चौक. फोनमधली बाई सांगायची, गोलावरून दुसरं वळण घ्या. तुम्ही कागदावर बोट ठेवून सांगायचात, तिसरं.

"ही बाई कुणाला इचारून सांगती?"

"उपग्रहाला विचारून सांगते दाजी."

"वरून बघून रस्ता कळत नसतो, साले साहेब. आखणाऱ्याच्या मनात शिरावं लागतं."

एका चौकाला आपण तीन फेऱ्या मारल्या. ताई म्हणाली, "लग्नात पण एवढं फिरवलं नव्हतं मला." शेवटी तुमचंच तिसरं वळण बरोबर निघालं. तुम्ही फक्त कागदावरचं बोट दोनदा आपटलंत. माझी मात्र चिडचिड चालूच होती. एवढं मोठं राजधानीचं शहर आणि रस्त्यावर माणूस नाही. शनिवारी संध्याकाळी एका सरकारी क्वार्टरच्या भिंतीवर मोर बसलेला, रस्त्यात दोन वानरं.

"हे काय शहर आहे?" मी म्हणालो. "इथं माणसं कुठं आहेत? आपलं द्वारका बघा, पाय ठेवायला जागा नसते. जिवंत वाटतं."

"पाय ठेवायला जागा नाय म्हंजे जिवंत का?" तुम्ही खिडकीची काच खाली केलीत. "बघ केवढी जागा सोडलीया. सोडलेली जागा काय रिकामी नसती रे. कुणासाठी तरी असती. माणसं येतात सावकाश. पण आधी जागा सोडावी लागती."

ते वाक्य तुम्ही माझ्यासाठी बोललात की शहरासाठी, हे मला त्या वेळी कळलं नाही आणि आता विचारायची सोय नाही. रात्रीच्या जेवणात ताईचं त्या डाळीशी भांडण झालं. "ही डाळ का खीर?" तिने स्वतःचा ठेचा काढला, वाढणाऱ्या काकांनाही चाखवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यावर तीच गडबडली. तुम्ही इतके हसलात की खोकला आला. ते तुमचं हसणं मी जपून ठेवलंय. प्रवासातलं तेवढंच माझ्या रागातून निसटून आत गेलं.

रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही माझ्या दारावर टकटक केलीत. ताई गुडघ्यामुळे खोलीतच. आपण दोघं एका गोल चौकाच्या कडेला उभे राहिलो. पुढच्या चौकाच्या कडेपर्यंत किती भरायला हवं ते तुम्ही चौकांचा घेर वजा करून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. मी शून्याचं टोक धरायचं, तुम्ही टेप घेऊन पुढे जायचं, तीसवर खडूची रेघ मारून आकडा ओरडायचा आणि मी तो परत ओरडायचा. तुमचा जुना नियम. वाचणाऱ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने परत बोलायचं, म्हणजे आकडा दोन तोंडांतून जातो. "एका तोंडाचा आकडा हा आकडा नसतो, अफवा असती." किती पोरांना तुम्ही हे शिकवलंत. म्हणून तर मी त्या दिवशी खलाशाला बरोबर नेलं नव्हतं.

"एक!"

"एक!"

"दोन!"

"दोन!"

त्या शांत रस्त्यावर दोन म्हातारी होत चाललेली माणसं ओरडत चालली होती. सकाळी फिरायला निघालेले एक गृहस्थ थांबले. "काका, शुं मापो छो? रोड पहोळो थवानो छे?" त्यांना वाटलं, रस्ता रुंद होणार, झाडं जाणार.

"नाय नाय," तुम्ही हिंदीत म्हणालात, "रोड नहीं नाप रहा. टेप नाप रहा हूँ."

ते थोडा वेळ टेपाकडे बघत राहिले. मग "सारुं, सारुं," म्हणून जरा लांबून गेले.

सोळाव्या वेळी मी परत बोललो नाही. शून्याचं टोक धरून मी उकिडवा बसलो होतो आणि तीस मीटरवर तुम्ही वाकून खडू मारत होतात, एक हात कमरेवर. मला वाटलं, या माणसाला मी सत्तरीत इथे रस्त्यावर ओणवं करून ठेवलंय. तीन ग्लास रसासाठी.

"सोळा! अरे सोळा! परत बोलत का नाहीस?"

मी उठून तुमच्याजवळ आलो. तुम्हाला दम लागला होता. कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता, त्यावर बसलो. तुम्ही चिठ्ठी काढून काही हिशेब केलात, ठरलेल्या अंतरावरच्या दिव्याच्या खांबांकडे पाहिलंत, आलेलं अंतर ताडून बघितलंत आणि म्हणालात, "पुढं मोजायची गरज नाय. टेप बरोबर हाय."

मग टेप मांडीवर घेऊन, माझ्याकडे न बघता विचारलंत, "मग त्या दिवशी काय झालं असंल रे?"

दाजी, तो क्षण तुम्ही पंगतीत पान मांडावं तसा माझ्यापुढे मांडला होता. आजूबाजूला कुणी नाही. ताई नाही, ट्रक नाही, फोनमधली बाई नाही. त्या शहरात शांतता तरी केवढी. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं,

"ओला असेल दाजी. टेप."

तुम्ही वळून बघितलंत. "मे महिन्यात?"

झाडावर खार ओरडत होती. तुम्ही बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होतात. जिन्याखाली पाहिलं होतंत तसंच. मग मान हलवलीत.

"हां. ओला असंल," म्हणालात, आणि पितळी मूठ फिरवून टेप गुंडाळायला लागलात. सोळा तिसा चारशे ऐंशी मीटर मोजलेला टेप तुम्ही इतक्या हळू गुंडाळलात, कापडावरची धूळ दोन बोटांनी पुसत, की मला ओरडावंसं वाटलं. तेव्हा कळलं तुम्हाला. की आधीच कळलं होतं? मला हे छळतं. जिन्याखालीच कळलं असेल तर तुम्ही अठ्ठावीस वर्षं रविवारच्या चहाला तो प्रश्न मला विचारत होतात, टेपाला नाही. दर आठवड्याला एक संधी. आणि मी बिस्किट बुडवत होतो.

परतीच्या रस्त्यात तुम्ही टेपाचा विषय काढला नाहीत. वसाहतीचा नाही, घाटाच्या आखणीचासुद्धा नाही. ताईने दोनदा विचारलं, "काय ओ, गप्प का?" तुम्ही म्हणालात, "डाळ बाधली." वणीच्या जवळ माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणालात, "हळू घे गाडी. कुणी मागं लागलंय का?" मला ते वाक्य लागलं, कारण मागे लागलेलं गाडीतच बसलं होतं. तुम्हाला इंदिरानगरला सोडलं, बॅग वर नेऊन दिली. "येतो दाजी. जयभीम." "जयभीम. रविवारी ये चहाला."

पहिल्या रविवारी मी आलो नाही. पाहुणे आहेत म्हणून सांगितलं; पाहुणे नव्हते. दुसऱ्या रविवारीही आलो नाही. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी पिंटूचा फोन आला.

इथपर्यंत लिहून मी कागद चार दिवस बाजूला ठेवला होता. कारण पुढे फक्त 'मला क्षमा करा' लिहायचं उरलं होतं, आणि ते लिहून मोकळं होणं पुन्हा द्वारकेच्या बाकावर बसून आकडा भरण्यासारखंच झालं असतं. जागेवर न जाता. तुम्ही म्हणाला असतात, जाऊन मोजून ये.

काल रविवार होता. मी तुमच्याकडे गेलो, ताईला म्हणालो, "चप्पल घाल. जरा बाहेर जायचंय." तिने माझ्या हातातली डबी बघितली.

"आता तू सुरू केलं का ते दळण?"

ती वसाहत तुमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. अठ्ठावीस वर्षांत मी तिकडे कधी फिरकलो नव्हतो. कोपऱ्यातला दगडी खांब आहे अजून, अर्धा डांबरात गाडलेला, कुणीतरी त्याला गेरू फासलाय. नाल्याला सिमेंटची भिंत झाली. आणि मैदान म्हणून जो बोळ उरला त्यात विजेची डीपी आणि एक बंद टेम्पो होता. त्यांच्या मधल्या जागेत पोरं क्रिकेट खेळत होती. भिंतीवर कोळशाने स्टंप. सरळ मारायचं, बाजूला मारलं की आउट. त्यांचा तसा नियमच होता.

खांबाजवळ उभं राहून मी ताईला सांगितलं. रस्त्यात सांगायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही, खांबाजवळ जमलं. रसवंती, केबल, वीस सेंटिमीटर, जिना, गांधीनगरचा बाक, सगळं. ती ऐकताना माझ्याकडे बघत नव्हती, पोरांकडे बघत होती.

"म्हणजे तू आलाच नव्हता इथं?"

"नाही."

"आन् ते गेले सुरगाण्याला."

"हो."

"पिंटू तापानं बडबडत होता. तू डबा घेऊन यायचास. मी तुझ्यापुढं रडायचे, म्हणायचे, त्या मेल्या टेपानं माझं घर मोडलं. तवा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"रोज?"

"रोज, ताई."

ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं, मग एकदम माझ्यावर खेकसली, "माझ्या नवऱ्याला येडं ठरवलं मी अठ्ठावीस वर्सं! टेप टेप करतात म्हणून. पोरांच्या देखत हसले मी त्यांना. ते कुठं भरून देशील?"

पोरं खेळ थांबवून बघायला लागली होती. मी उभाच राहिलो. मग तिने हात पुढे केला.

"आण. कुठं धरायचं?"

मी शून्याचं टोक तिच्या हातात दिलं. खांबाला टेकवून धर म्हटलं. तिने गुडघा धरत खाली वाकून दोन्ही अंगठ्यांनी ते दाबून धरलं, तुम्ही धरायचात तसं. एवढी वर्षं बघून शिकली असणार. मी टेम्पोला वळसा न घालता, त्याच्या खालून टेप सरकवून पुढे गेलो. तीसवर खडूची रेघ मारली. "तीस!" म्हणालो. ती काही बोलली नाही. चालत रेघेपर्यंत आली, पुन्हा वाकली, टोक रेघेवर ठेवलं. मी नाल्याच्या भिंतीपर्यंत गेलो. टेप ताणला. झोळ काढला. दोनदा वाचलं.

"अकरा सत्तर!"

आणि सवयीने थांबलो, दाजी. मान वर करून, कान देऊन. भिंतीपलीकडे नाल्याचं पाणी आणि कुणाच्या तरी घरातला टीव्ही. वहीवर पेन टेकवून मी तसाच उभा होतो. न ऐकता लिहायला हात होईना.

"एक्केचाळीस सत्तर," तिकडून ताई ओरडली. बेरीजसुद्धा तिनेच केली. आवाजात क्षमा नव्हती. आकडा नीट ऐकला, एवढंच होतं.

"लिही आता," ती म्हणाली.